अक्का आणि दुपारचा बार

नेहेते अक्का कोणाकडे चहाला गेल्या की आधी बसत नसत. दारात चपला काढायच्या, भिंतीवर घड्याळ कुठे आहे ते शोधायचं, स्टूल ओढायचं, त्यावर चढायचं आणि काटा सरकवायचा. मग खाली उतरून पदराला हात पुसत म्हणायचं, "हं. आता बोला."

यजमानांना विचारायचं असतं वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदा माझ्या बायकोने धीर करून म्हटलं, "अक्का, पाच मिनिटं पुढे असलेलं बरं असतं हो." त्यावर अक्का म्हणाल्या, "चुकीचं घड्याळ म्हणजे घरातला खोटं बोलणारा माणूस. त्याला रोज किल्ली देऊन वर पोसता कशाला?"

अक्का आमच्या धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, मी मराठी. देवपुरात एकाच इमारतीत आमची बिऱ्हाडं होती. वरच्या मजल्यावर त्या एकट्या, खाली मी, बायको आणि ते घड्याळ. त्यांचं माहेर यावलकडचं, केळीच्या बागा असलेलं. वय पंचेचाळिशीचं, आवाज खणखणीत, हातात उन्हाळा-हिवाळा काळी छत्री. वर्गात एकदम शुद्ध बोलायच्या. पण कोणी उशिरा आला आणि सबब सांगू लागला, की गावची बोली उसळून यायची. "काय भो, मले येडी समजला का?" एवढं ऐकलं की पोरगं सबब अर्धी टाकून बाकावर जाऊन बसायचं. प्रिन्सिपॉलसुद्धा त्यांना अक्काच म्हणत. मला त्या कवी म्हणायच्या. मी जन्मात कविता केली नाही हे त्यांना अनेकदा सांगितलं. "मराठी शिकवता ना? मग कधीतरी कराल," म्हणायच्या.

एका लग्नात मंगलाष्टकं रंगात आली होती आणि भटजी अक्षता टाकायची खूण करणार, एवढ्यात अक्का पुढे झाल्या. म्हणाल्या, "थांबा. तुमचं घड्याळ पुढे आहे." वधूपित्याचा चेहरा बघवेना. तो दबक्या आवाजात म्हणाला, "अक्का, तुमचा तर मुहूर्तावर विश्वासच नाही." अक्का म्हणाल्या, "नाहीच. पण तुमचा आहे ना? मग ठेवायचाच तर नीट ठेवा." भटजींनी बिचाऱ्यांनी एक मंगलाष्टक जास्तीचं म्हटलं. ते त्यांनी तिथेच रचलं असावं, कारण त्यात गणपती दोनदा आला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी केव्हा ते सांगा, कुठे ते मग बघू." सायकल चोरीला गेली, मूल हरवलं, सासूचा चष्मा सापडत नाही, काहीही सांगा, अक्का आधी वेळ विचारायच्या. वीज चमकली की बोटं मोजायला लागायच्या आणि गडगडाट झाला की "सोनगीरकडे" असं काहीतरी जाहीर करायच्या. आम्ही माना डोलवायचो. सोनगीरला जाऊन कोण बघणार?

या वाक्याला खरं बळ आलं ते त्र्याहत्तर सालाच्या शेवटी. की चौऱ्याहत्तर लागलं होतं? नक्की आठवत नाही, आणि हे असं लिहिलेलं अक्कांना मुळीच खपलं नसतं. कॉलेजात परदेशी मासिकं बोटीने यायची, म्हणजे तिकडची बातमी शिळी झाली की इकडे ताजी व्हायची. अशाच एका मासिकात अक्कांनी काहीतरी वाचलं आणि त्या तडक पाचव्या गल्लीत रतनलाल शेटजींच्या कापडदुकानात गेल्या. मी बायकोसाठी पातळ बघत होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

रतनलाल शेटजी म्हणजे अक्कांचे पट्टशिष्य. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, स्वतः शेटजी शाळेत फार टिकले नव्हते, पण विज्ञानाच्या गोष्टी ऐकायची त्यांना विलक्षण गोडी. अक्का गादीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "शेटजी, आभाळात बार उडतायत."

"कोण उडवतो, बाईजी?"

"तेच कोणाला माहीत नाही."

मग अक्कांनी सांगितलं ते असं. अमेरिकेने काही उपग्रह वर सोडले होते, कोणी चोरून अणुबॉम्ब उडवतंय का ते बघायला. बॉम्ब उडाला की गामा किरण निघतात. डोळ्यांना न दिसणारे, क्ष-किरणांहून जोरकस. ते पकडायची यंत्रं त्या उपग्रहांवर होती. तर त्या यंत्रांना मधूनच असे झोत लागायला लागले. काही क्षण टिकायचे आणि संपायचे. शास्त्रज्ञ हादरले. मग हिशेब केला तर ते झोत पृथ्वीवरून नाहीत, सूर्याकडूनही नाहीत. कुठूनतरी फार लांबून येतायत.

"दिसत नाही तर दिशा कशी कळली?" शेटजींनी विचारलं.

अक्का याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्यांनी गादीवरचे कापडाचे तीन तागे उचलून लांब लांब ठेवले. "हे तीन उपग्रह. इकडून झोत आला तर आधी याला लागेल, मग त्याला, मग याला. कोणाला किती उशिरा लागला, तो फरक मोजायचा. त्यावरून तो कुठून आला ते निघतं. आधी केव्हा, मग कुठे."

"म्हणजे चोर सापडला."

"दिशा सापडली, शेटजी. घर नाही. तो शेजारच्या गल्लीत असेल, नाहीतर विश्वाच्या पार त्या टोकाला असेल. आज जगात कोणीच सांगू शकत नाही."

शेटजी बराच वेळ त्या तीन ताग्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाईजी, याच्यातला मधला विकला गेलेला आहे. उचलू?"

पुढे कितीतरी वर्षांनी, अक्का निवृत्त होऊन जळगावला राहायला गेल्यावर, मी त्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवली होती. आता म्हणे असल्या झोतांसाठी आभाळात दुर्बीणच सोडलीय, झोत लागला की ती आपणहून त्या दिशेला मान वळवते. मला वाटलं, अक्कांचे डोळे भरून येतील. त्यांनी विचारलं, "मान वळवायला वेळ किती लागतो?" मला ते सांगता आलं नाही, तेव्हा म्हणाल्या, "कवी ते कवीच."

तर ते मासिक आलं त्याच हिवाळ्यात धुळ्यात बार ऐकू यायला लागला.

रोज दुपारी, दोनच्या सुमारास, एकच. धडाम. मग पुन्हा शांत. झोपलेली पोरं उठायची, गल्लीतली कुत्री भुंकायची, आणि सगळे खिडकीत येऊन एकमेकांना विचारायचे, "कुठे झाला?" पांझरेच्या अलीकडचे म्हणत पलीकडे, पलीकडचे म्हणत अलीकडे. भिंतींवर आदळून आवाज असा घुमायचा, की दिशेचा पत्ता लागायचा नाही. युद्ध होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे एका गटाला विमानाचा संशय होता. दुसरा गट सांगायचा, लळिंगच्या किल्ल्यात जुनी तोफ आहे, ती आपोआप उडते.

मग एक दिवस फौजदारसाहेब कॉलेजात आले. भला माणूस, पण वरून विचारणा झाल्यामुळे वैतागलेला. प्रिन्सिपॉलांना म्हणाले, "कोणीतरी विनापरवाना दारूकाम करतंय. माझे शिपाई रोज वेगळीकडे धावतात. तुमच्याकडे त्या फिजिक्सच्या बाई आहेत म्हणे." प्रिन्सिपॉलांना लगेच कल्पना सुचली. येत्या शनिवारी विज्ञान मंडळाचं उद्घाटन होतं. अक्कांनी बाराची जागा शोधावी आणि ती व्यासपीठावर जाहीर करावी. "तुम्ही जागा सांगा, माल मी उचलतो आणि माणूसही," फौजदार म्हणाले.

अक्कांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद दिसला, तो मी नव्या नवरीच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "कवी, दोन कानांनी भागत नाही. तीन पाहिजेत, आणि लांब लांब."

तीन कान ठरले. कॉलेजच्या गच्चीवर स्वतः अक्का, देवपुरात आमच्या गच्चीवर मी आणि पाचव्या गल्लीत दुकानाच्या गच्चीवर रतनलाल शेटजी. प्रत्येकाला प्रयोगशाळेतलं एकेक स्टॉपवॉच आणि जवळ रेडिओ. दुपारच्या बातम्यांआधी रेडिओवर पिप पिप वाजतात, त्यातल्या शेवटच्या पिपला तिघांनी घड्याळ सुरू करायचं आणि बार ऐकला की बंद. "मनात काही आणायचं नाही," अक्कांनी बजावलं. "ऐकलं की दाबलं."

पहिल्या दिवशी मला गच्चीवरच्या उन्हात डुलकी लागली आणि बारानेच जाग आली. शेटजींनी बरोबर दाबलं, पण ते खाली दुकानात गठ्ठा पडला त्याला. दुसऱ्या दिवशी लग्नाचा बस्ता बांधायला दोंडाईचाची मंडळी आली आणि शेटजी घड्याळ सुरू करायलाच विसरले. अक्का दुकानातून निघताना फक्त भिंतीवरचं घड्याळ नीट करून गेल्या. ते शेटजींच्या फार मनाला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भर बाजाराच्या वेळी दुकानाच्या फळ्या लावल्या. त्या गल्लीत दुकान दुपारचं बंद म्हणजे घरात कोणीतरी गेलं, असाच अर्थ होता. शेटजी गच्चीवर घड्याळ धरून डोळे मिटून बसलेले आणि खाली दोन नातेवाईक डोक्यावरची पगडी काढून हळहळत उभे. त्यांच्याकडे न बघता शेटजी म्हणाले, "बसा. बार झाल्यावर बोलू."

त्या दिवशी तिन्ही वेळा मिळाल्या. संध्याकाळी अक्कांच्या खोलीत शहराचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला. त्यांनी तीन जागी खिळे ठोकले, दोऱ्या ताणल्या, पेन्सिलीने एक बाकदार रेषा काढली, मग दुसरी. दोन्ही रेषा शहर सोडून, नदीच्या काठाने वर जाऊन एका जागी एकमेकींना छेदत होत्या.

"तिथे तर काहीच नाही," मी म्हटलं.

"नकाशावर नाही," अक्का म्हणाल्या. "उद्या जेवून तयार राहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नदीकाठाने चालत निघालो. अक्का पुढे छत्री घेऊन, मी मागे. वस्ती संपली, मळे लागले. दादर ज्वारी हुरड्यावर आली होती आणि तिच्यावर पाखरांचे थवे उतरत होते. एवढ्यात अगदी जवळ, कानठळ्या बसतील असा बार झाला. मी खाली बसलो. अक्का मात्र नाक वर करून म्हणाल्या, "कार्बाइड. आमच्याकडे गॅसबत्तीत घालायचे."

एका बांधावर खोपी होती. खोपीपुढे लोखंडी पाइप तिरपा रोवलेला, त्यातून धूर निघतोय, आणि शेजारी एक म्हातारा एक पाय लांब करून बसलेला. आम्हाला बघून त्याने हातच जोडले. कोणी साहेब लोक आले असं त्याला वाटलं असावं. "बाई, पोलिसले सांगू नका," तो म्हणाला. फौजदाराची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"आबा, पाखरांसाठी एवढा मोठा बार कशाला?" अक्कांनी बांधावर बसत विचारलं.

"पाखरंसाठे गोफण शे," म्हातारा म्हणाला. "बार तिनासाठे." आणि त्याने नदीच्या पलीकडे बोट दाखवलं.

पलीकडच्या काठावरून एक म्हातारी डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकर घेऊन, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, गुडघाभर पाण्यातून सावकाश येत होती. आबांनी मग हळूहळू सगळं सांगितलं. पाय अधू झाल्यापासून त्यांना नदी ओलांडवत नव्हती, म्हणून ते राखणीला खोपीतच राहायचे. म्हातारी पलीकडच्या घरात एकटी. तिला लांबचं दिसत नव्हतं आणि कान जवळजवळ गेले होते. हाक ऐकू जायची नाही, हात केला तर दिसायचा नाही. फक्त हा बार तेवढा तिच्या कानापर्यंत पोचायचा. तो झाला की ती भाकर घेऊन निघायची.

म्हातारी आली. आम्हाला बघून तिला आनंदच झाला. बाराबद्दल विचारतायत असं आबांनी खुणेनं सांगितलं, तर ती मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या सुरात म्हणाली, "बार वाजना म्हंजे म्हतारा शे."

बार वाजला, म्हणजे म्हातारा आहे, एवढं तिला पुरे होतं. म्हातारीने फडकं सोडलं, भाकरी वाटल्या, ठेचा दिला. मग अक्कांकडे निरखून बघत तिने विचारलं, "तुना घर कोन शे, माय?"

"कोणी नाही," अक्का म्हणाल्या.

म्हातारीने कानामागे हात धरला. "आं?"

"कोणी नाही, आजी," अक्का जरा मोठ्याने म्हणाल्या.

म्हातारीला तेही कळलं नाही. तेव्हा अक्कांनी भाकर खाली ठेवली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि वर्गात शेवटच्या बाकावर पोचवायच्या त्या आवाजात ओरडून सांगितलं, "घरी माझ्या कोणीच नाही." ज्वारीवरची पाखरं उडाली. इतकी वर्षं मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होतो, रोज त्यांची थट्टा करत होतो, आणि हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

म्हातारीला आता कळलं. तिने अक्कांच्या भाकरीवर ठेच्याचा आणखी एक गोळा ठेवला. "मंग आठेच जेवत जाय," ती खोपीपुढची जमीन थोपटत म्हणाली, आणि विषय तिच्यापुरता संपला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. फौजदार पहिल्या रांगेत, शेटजी नवा कोट घालून त्यांच्या शेजारी. फळ्यावर शहराचा नकाशा काढलेला. अक्कांनी उपग्रहांची गोष्ट सांगितली, आभाळातले झोत समजावले, आमचे तीन कान सांगितले. सगळे रंगले. मग त्यांनी खडू घेतला, एक बाक काढला, दुसरा बाक काढला. दोन्ही रेषा एकमेकींच्या जवळ आल्या, आणि फटकून दोन दिशांना निघून गेल्या. कुठेच छेदल्या नाहीत. मी खुर्चीत सरळ झालो. त्या संध्याकाळी अक्कांच्या खोलीत त्याच रेषा मी जमिनीवर छेदताना पाहिल्या होत्या.

"जमलं नाही," अक्का म्हणाल्या. "जागा सापडत नाही."

फौजदारांनी विचारलं, "म्हणजे वेळा चुकल्या का?"

शेटजी ताडकन उभे राहिले. "माझी वेळ बरोबर होती. मी दुकान बंद ठेवलं होतं. दोन माणसं सुतक समजून आली होती."

"शेटजींची वेळ बरोबर आहे," अक्का शांतपणे म्हणाल्या. "कवींचीही बरोबर आहे. गणित माझं चुकलं."

केमिस्ट्रीचे सर अशा संधीची वर्षानुवर्षं वाट बघत होते. ते मागून म्हणाले, "अक्कांना पांझरेकाठचा बार सापडत नाही, आणि त्या ताऱ्यांमधले शोधतायत." सभागृह हसलं. विद्यार्थी हसले, प्रिन्सिपॉल हसले, कधी नव्हे ते अक्काही हसल्या आणि हात झटकून खाली उतरल्या. ज्या बाईने भर मांडवात भटजींचं घड्याळ चालू दिलं नाही, ती चारशे माणसांसमोर आपलं बरोबर गणित चुकीचं म्हणाली होती.

घरी येताना पुलावर मी विचारलं, "अक्का, खरं सांगायचं नव्हतं तर कार्यक्रमच रद्द करायचा."

"रद्द केला असता तर फौजदारांनी दुसऱ्या कोणाला तरी शोधायला लावलं असतं," त्या म्हणाल्या. "आता म्हणतील, अक्कांनाच सापडलं नाही तर कोणाला सापडणार." आणि थोडं पुढे गेल्यावर, "त्या लोकांना सांगून काय होतं, कवी? पाइप उचलून नेतील. मग आजीला कसं कळणार, म्हातारा आहे की नाही?"

झालंही तसंच. फौजदारांनी वर कळवलं, की शास्त्रीय तपास केला पण निष्पन्न झालं नाही. शिपाई धावायचे थांबले. हळूहळू लोकांना बाराची सवय झाली. बायका बार झाला की दुपारचं आधण ठेवू लागल्या. शेटजींच्या मनातून मात्र अपयश जाईना. घड्याळ परत द्यायला ते तयार नव्हते. रोज दोनच्या सुमारास गच्चीवर जाऊन बसायचे.

एका रविवारी दुपारी ते सायकल मारत देवपुरात आले. एवढा जाडजूड माणूस, धाप लागलेली, हातात ते स्टॉपवॉच. "बाईजींना सांगा," जिन्याखाली उभं राहून ते मला म्हणाले. "आज दोन झाले. एक नेहमीचा आणि थोड्या वेळाने दुसरा. मागच्या रविवारीही दोन. बाकी दिवशी एकच. यात काहीतरी आहे."

मी वर जायला निघालो, तर अक्काच जिना उतरत होत्या. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचं पातळ, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. शेटजींनी त्यांनाही तेच सांगितलं, दोन, दर रविवारी, मधलं अंतर मोजलंय. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान निरीक्षण आहे, शेटजी. चालू ठेवा." शेटजी खुलले आणि सायकलीकडे वळले.

ते जरा लांब गेल्यावर मी विचारलं, "अक्का, दुसरा कशाला?"

"पहिला आजींचा," त्या चपलेत पाय सरकवत म्हणाल्या. "दुसरा माझा. आबांनी सुरू केलाय. मी पोचले नाही तर ती दोघं जेवायची थांबतात."

आणि घरी कोणी वाट बघत असलेल्या बाईसारख्या त्या लगबगीने नदीच्या रस्त्याला लागल्या.